वारा-सौरचा अंदाज सुधारायचा तर आधी प्रकल्पावरच्या नोंदी सुधारा

दादा, तुम्ही विचारलंय की देशाच्या ग्रिडसाठी वारा आणि सौर विजेचा अंदाज नेमका का येत नाही, आणि मोठं एआय मॉडेल आणलं की काम भागेल का. मॉडेल हवंच. पण माझं ठाम मत आहे की प्रकल्पावरून येणारी माहिती आधी सुधारली, तर फायदा जास्त होईल.

आपल्याकडे दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ ब्लॉक धरतात. प्रत्येक ब्लॉकला किती मेगावॉट देणार हे आदल्या दिवशी कळवायचं आणि मग दिवसभर सुधारत राहायचं. यात वारा जास्त छळतो, कारण पवनचक्की पूर्ण क्षमतेला पोचेपर्यंत वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते. सेकंदाला ६ मीटर धरलेला वारा ७ मीटरने आला, तर ती ताकद जवळपास ५९ टक्के जास्त. हवामान विभागाचं नवं मॉडेल २०२५ मध्ये ६ किलोमीटरच्या जाळीवर आलं, म्हणजे ते ६-६ किलोमीटरचे चौकोन पाडून हिशेब करतं; आधी जाळी १२ची होती. चांगलंच झालं, पण घाटाची कड ६ किलोमीटरच्या चौकोनातही सपाट होऊन जाते. कोल्हापूर जिल्ह्यातच गगनबावड्यात धो-धो आणि शिरोळला ऊन, हे तर आपण दर पावसाळ्यात बघतो. म्हणून मॉडेलचा आकडा त्या जागेच्या जुन्या नोंदींशी ताडून दुरुस्त करावा लागतो.

आणि घोळ या नोंदींतच असतो. समजा ५० मेगावॉटच्या प्रकल्पातून ३८ आले. वारा कमी होता, चार मशीन दुरुस्तीला होत्या, की वरून उत्पादन कमी करायला सांगितलं होतं? हे लिहून ठेवलं नाही, तर मॉडेल शिकतं की एवढ्या वाऱ्याला ३८च येतात. पुढच्या महिन्यात सगळ्या मशीन सुरू झाल्या की अंदाज कमी पडतो. प्रत्येक ब्लॉकला किती मशीन चालू होत्या आणि कपात किती होती, एवढे दोन रकाने नीट भरले तरी फरक दिसतो.

दुसरी गोष्ट छतावरची. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या गच्च्यांवरची सौर वीज लोड डिस्पॅच सेंटरला, म्हणजे ग्रिडची मागणी-पुरवठा सांभाळणाऱ्या केंद्राला, थेट दिसत नाही, तिथं फक्त मागणी घटलेली दिसते. ढग आले की मागणी एकदम वाढल्यासारखी वाटते. फीडरवार (एकेका भागाला वीज नेणाऱ्या वाहिनीनुसार) छतावरची क्षमता आणि उपग्रहाची ढगांची चित्रं जोडून हा हिशेब धरायला हवा.

अंदाजही एकाच आकड्यात देऊ नये. '३०० ते ४२० मेगावॉट' असा पट्टा दिला, तर राखीव वीज किती ठेवायची ते ग्रिड चालवणाऱ्याला ठरवता येतं. चूक भरून काढायला कोयनेचं जलविद्युत केंद्र पटकन चालू करता येतं, पण कोयनेचं पश्चिमेला वळवायचं पाणी कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधून दिलंय. ते अंदाजाच्या चुकीपायी खर्चू नये, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या मुलाला प्रोजेक्ट करायचा असेल, तर घरच्या सौर इन्व्हर्टरची १५ मिनिटांची नोंद घ्यायला सांगा. सूर्याची उंची हिशेबात धरून 'आत्ता आभाळ आहे तसंच तासाभराने' हा साधा अंदाज आधी काढावा. मॉडेलची चूक यापेक्षा कमी आली, तरच ते कामाचं.