एसइओवाला सांगतो ते शब्द कळत नाहीत, वेबसाईटच्या मालकाने नक्की काय काय समजून घ्यावं?

तुम्ही विचारलंय की खानापूरला मातीच्या भांड्यांचा धंदा आहे, वेबसाईट करून चार महिने झाले, एसइओवाला (म्हणजे गूगलच्या शोधात साईट वर आणून देतो म्हणणारा) दर महिन्याला क्रॉल, इंडेक्स, बॅकलिंक, डीए, मेटा असं कायबाय सांगून पैसे नेतो, तर ह्याचे अर्थ काय. मी काय ह्यातला तज्ज्ञ नाही ओ, बेळगावात शहापूरला आमचं साड्यांचं दुकान आहे, पण दुकानाच्या साईटपायी ठेचा खात खात शिकलोय म्हणून लिहितो.

आधी क्रॉल, इंडेक्स आणि रँक हे तीन शब्द वेगळे करा, कारण फोनवर बोलताना हे लोक तिन्हीची खिचडी करतात. गूगलचा बॉट, म्हणजे आपोआप फिरणारा प्रोग्राम, लिंक धरून ह्या पानावरून त्या पानावर फिरतो आणि वाचतो ते क्रॉल. वाचलेलं पान ठेवण्यासारखं वाटलं तर स्वतःच्या वहीत नोंदवून घेतो ते इंडेक्स. आणि कोणीतरी काहीतरी शोधलं की वहीतलं कुठलं पान वर दाखवायचं ते रँक. वहीत नावच नसेल तर नंबर कुठला लागणार, सांगा की.

आमचं हेच झालं होतं. पाच महिने साईटवरून एक फोन नाही, आणि साईट करून दिलेला पोरगा आपलं एकच, "कॉम्पिटिशन लई आहे, बॅकलिंक घ्यायला पाहिजेत." एका रात्री दुकान बंद करून बसलो, गूगलमध्ये इंग्रजीत साईट हा शब्द टाकला, त्याला चिकटून कोलन आणि त्याला चिकटून आमचं डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, मध्ये जागा न सोडता. एक पान आलं नाही! आमची साईट ज्यावर बनवलीय त्या वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जच्या आत रीडिंग म्हणून एक भाग आहे, तिथे खाली एक चौकोन असतो, सर्च इंजिनांनी ही साईट इंडेक्स करू नये अशा अर्थाचा. काम चालू असताना तो टिक करतात आणि साईट सुरू केली की काढतात, आमचा पोरगा काढायचाच विसरला होता, त्यामुळे पाच महिने प्रत्येक पानावर नोइंडेक्सची खूण. टिक काढली, गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये साइटमॅप, म्हणजे साईटवरच्या पानांची यादी दिली (सर्च कन्सोल म्हणजे आपली साईट गूगलमध्ये कशी दिसते ते मालकाला दाखवणारी गूगलचीच सोय, ती फुकट आहे, आणि ते तुमच्या स्वतःच्या मेलवर पाहिजे, एजन्सीच्या नाही), दहाबारा दिवसांत पानं दिसायला लागली. इथे आणखी एक गोम आहे, रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाईल बॉटला आत येऊ नको म्हणते, आणि नोइंडेक्स म्हणते ये, वाच, पण वहीत लिहू नको. दोन्ही एकदम लावलं तर बॉट आतच येत नाही आणि ती नोइंडेक्सची खूण त्याला दिसतच नाही.

कीवर्ड म्हणजे गिऱ्हाईक शोधताना जे टाईप करतं ते. आपल्या गावाचंच बघा, १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं, पण लोक अजून बेळगाव पण टाकतात, इंग्रजीत दोन्ही स्पेलिंगनं टाकतात, कन्नडमधून टाकणारे वेगळेच. पाटीचा वाद इथे काढत नाही, पण पानावर ही नावं ओघात यायला पाहिजेत. ओघात म्हटलं हां, तळाला पन्नास वेळा "मातीचा तवा बेळगाव मातीचा तवा खानापूर" असं कोंबलं तर त्याला कीवर्ड स्टफिंग म्हणतात आणि गूगल त्याला स्पॅममध्ये धरतं. मराठी आणि कन्नड दोन्ही पानं करणार असाल तर एचरेफलँग हा टॅग विचारा, कुठलं पान कुठल्या भाषेचं ते त्यातून कळतं, फक्त दोन्ही पानांनी एकमेकांकडे बोट दाखवायला पाहिजे.

मेटाचं सांगतो, म्हणजे पानाच्या कोडात सर्च इंजिनांसाठी लिहून ठेवलेली माहिती. मेटा कीवर्डसाठी कोण पैसे मागत असेल तर हात जोडा, रँकिंगला आम्ही ते धरत नाही असं गूगलनं २००९ मध्येच सांगितलंय. मेटा डिस्क्रिप्शननं पण नंबर वर जात नाही, पण रिझल्टमध्ये टायटलखाली ज्या दोन ओळी दिसतात त्या बऱ्याचदा तिथून येतात, त्यामुळे नीट लिहा. टायटल मात्र मनावर घ्या. "होम" एवढंच टायटल असलेल्या साईटी आपल्याकडे ढिगानं आहेत.

बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या साईटनं तुम्हाला दिलेली लिंक. सोयरीक जमवताना आपण चार लोकांना विचारतो, आणि कोण सांगतोय त्यावर त्या शब्दाची किंमत ठरते, तसंच. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन ह्यांनी स्टॅनफर्डमध्ये असताना काढलेलं पेजरँक ह्याच कल्पनेवर उभं होतं. पैसे देऊन "पाचशे बॅकलिंक" घ्यायच्या भानगडीत पडू नका, असल्या लिंकांना चाप लावायला गूगलनं २०१२ मध्ये पेंग्विन नावाचा अपडेट आणला होता. आणि डीए, म्हणजे डोमेन ऑथॉरिटी, हा आकडा मॉझ नावाच्या कंपनीचा आहे, गूगलचा नाही. "डीए दहाचा वीस केला" म्हणून बिल आलं तर विचारा, गिऱ्हाईक किती वाढलं?

साईटवर गूगलमधून किती जण आले ते सर्च कन्सोलमध्येच दिसतं. इम्प्रेशन म्हणजे रिझल्टमध्ये तुम्ही किती वेळा दिसलात, क्लिक म्हणजे किती जण आत आले. समजा ४०० वेळा दिसलात आणि १२ क्लिक आले, तर सीटीआर, म्हणजे दिसलात त्यातल्या किती वेळा क्लिक झालं ते प्रमाण, ३ टक्के. कॅनॉनिकल, म्हणजे एकच तवा दोन पत्त्यांवर दिसत असेल तर खरं पान कुठलं ते सांगणं, आणि ३०१, म्हणजे पत्ता कायमचा बदलला की जुन्यावरून नव्यावर पाठवणं, हे डोमेन बदलायची वेळ आली की आठवा, आत्ता डोक्याला ताप नको.

तुमचं दुकान हायवेवरून येणाऱ्याला सापडायचं असेल तर गूगल बिझनेस प्रोफाइल आधी भरा, पूर्वी त्याला गूगल माय बिझनेस म्हणायचे. मॅपवरचा पिन, वेळ, फोन, भट्टीचे फोटो, सगळं फुकट.

आणि आज रात्री ते साईट कोलनवालं टाकून बघा. एकही पान आलं नाही तर ह्या महिन्याचे पैसे थांबवा आणि त्या भावाला आधी तो चौकोन उघडून दाखवायला सांगा.