वाइनवर लिहिणारी मुलगी आता वाइन बनवायची म्हणते, एफडी मोडू का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी २८ ची, बीकॉम, चार वर्षं वाइनवर लिहितेय, डब्ल्यूएसईटी या वाइनच्या कोर्सची लेव्हल ३ पास, आणि आता म्हणते लिहिणं बास, स्वतः वाइन बनवणार, निफाडला मामाची चार एकर थॉमसनची बाग आहेच. तुम्हाला दोन काळज्या, लोक काय म्हणतील आणि एफडी मोडायची का. पहिलीचं काय सांगू, नाशिकला आता लोक सासू-सासऱ्यांना घेऊन वायनरी बघायला जातात. एफडीला मात्र आत्ता हात लावू नका.

आधी मामाची बाग. थॉमसन हे खायचं द्राक्ष, मणी फुगावा म्हणून घड जीएमध्ये, म्हणजे जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या संप्रेरकात, बुडवतात. वाइनला उलटं हवं, मणी बारीक, कारण रंग आणि वास बराचसा सालीतनं येतो. म्हणजे शिराझ नाहीतर शेनिन ब्लांक नव्याने लावायचं, पीक हाताशी यायला दोन-तीन वर्षं, आणि तेवढं थांबायची तयारी आहे का हे मामांना विचारलंय का कोणी?

आता तिची जीभ. ती चांगलीच असणार, पण समीक्षकासमोर बाटली येते ती सगळं होऊन गेल्यावर. बनवणाऱ्याला ठरवावं लागतं फेब्रुवारीत, जेव्हा समोर नुसता गढूळ गोड रस असतो. मी मागे तोडणीच्या दिवसांत एका वायनरीत गेलो होतो, पहाटे क्रेट उतरत होते आणि वाइनमेकर बाई गमबूट घालून पाइपने टाकी धूत होत्या. म्हटलं हे पण तुम्हीच करता? तर म्हणाल्या, निम्मं काम हेच असतं. मग रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे साखर मोजायच्या यंत्रावर, रसाचा थेंब टाकून दाखवला, २३ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप), म्हणजे वाइनमध्ये साधारण १३ टक्के अल्कोहोल. आपल्या उन्हात साखर भराभर चढते आणि आंबटपणा उतरतो, त्यामुळे आजच तोडायचं की अजून दोन दिवस थांबायचं यावर बाईंची आणि शेतकऱ्याची चांगलीच जुंपली होती. चुकलं तर पुढच्या वर्षापर्यंत गप्प बसायचं.

रॉबर्ट पार्कर तिला माहीत असेलच, वाइनला १०० पैकी मार्क द्यायची पद्धत ज्याने गाजवली तो अमेरिकन समीक्षक. त्याचीही ऑरेगनमधल्या एका वायनरीत भागीदारी होती, नाव बो फ्रेर, फ्रेंचमध्ये म्हणजे मेहुणे. वाइन बनवायचा बायकोचा भाऊ, मायकेल एट्झेल, आणि पार्कर त्या वाइनला मार्क देत नसे. म्हणजे एवढ्या मोठ्या समीक्षकानेसुद्धा बनवायचं काम मेहुण्यावर सोडलं होतं! तुमच्या मुलीला दोन्ही एकटीने करायचंय, शिवाय स्वतःची बाटली बाजारात आली की दुसऱ्यांच्या वाइनवर लिहिणं बंदच करावं लागेल, तो पैसाही जाणार, हे तिच्या हिशोबात दिसत नाही.

मग करायचं काय? जानेवारी ते मार्च तिने एका वायनरीत हेल्पर म्हणून राबावं, पगार जेमतेम असला तरी, आणि त्यासाठी दिवाळीआधीच मेल टाकायला हवेत. वाइन टेक्नॉलॉजीच्या एमएस्सीला सायन्सची पदवी लागते त्यामुळे ते दार बंद, पण पीएच, सल्फर, यीस्ट हे पुस्तकातनं आणि लॅबवाल्यांच्या मागे लागून शिकता येतं. एक सीझन काढून, हातांना भेगा पडूनही ती परत जायचं म्हणाली, तर एखाद्या लायसन्सवाल्या वायनरीशी बोलून एकच बॅरल करून बघावं. २२५ लिटर, म्हणजे ३०० बाटल्या, बुडाले तरी सोसता येईल एवढेच पैसे. घरच्या घरी बनवून विकायचं डोक्यात असेल तर तिथेच थांबवा, एक्साइजवाले दारात येतील.

आणि तिला एवढं बजावून सांगा, आंबवण झालेल्या टाकीत एकटीने उतरायचं नाही, आत कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो आणि त्याला वास नसतो. गमबूट तिच्या मापाचे इथूनच घेऊन द्या, त्या बाई सांगत होत्या की पहिल्या सीझनला त्यांना दहा नंबरचे मिळाले होते.