सुनेच्या आठवणीत मी कशी राहीन?

प्रश्न : ताई नमस्कार, मी ६८ वर्षांची, सातारा जिल्ह्यात राहते. आमचे हे जाऊन वर्ष झालं, वर्षश्राद्धाला मुलाने गावच्या शाळेला वॉटर कूलर दिला, त्यावर यांचं नाव घातलं, छान वाटलं. पण तेव्हापासून डोक्यात एकच येतंय की माझ्यामागे माझं काय आठवतील. मध्यंतरी सून ओटा पुसता पुसता नातीला सांगत होती, "मला दिवाळसणाला माहेरी जाऊ दिलं नव्हतं, आणि संक्रांतीच्या आत आई गेलीच." रागाने नाही, सहज बोलत होती. मी दाराशी उभी होते, तशीच मागे फिरले. खरंय ते ताई, घरात पाहुणे येणार म्हणून मीच तिला अडवलं होतं. २६ वर्षं झाली, एका शब्दाने कधी बोलली नाही आणि माझं सगळं नीट करते. आता हेच माझ्या नावावर राहणार का? अजून एक, मला नेत्रदान करायचंय पण विषय काढला की मुलगा म्हणतो, अभद्र बोलू नको.

उत्तर : काकू, हो, ते राहणार. तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही कसं म्हणू, तिची आई होती ती. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या आहेत ना, हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यात विठ्ठल आहे, भाऊ आहे, लेक आहे, आणि सासुरवासही आहे. ज्या सासवांबद्दल त्या गायल्या त्या कधीच्या गेल्या, बऱ्याच जणींचं नावही कुणाला माहीत नाही, पण दुखलेलं गाण्यात राहिलं. तोंडावर बोलायची सोय नव्हती म्हणून बायका जात्याशी बोलल्या. तुमची सून ओट्याशी बोलली असं मला वाटलं तुमचं पत्र वाचताना.

माझी आई गेली तेव्हा तिची जुनी कालनिर्णयं मी घरी आणली. सगळ्यांच्या घरात असतं तसंच, दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, भिशीचा हप्ता, आणि एका रविवारच्या चौकोनात माझं नाव आणि पुढे "येणार", त्यावर काट. मी त्या रविवारी गेले नव्हते. का नाही गेले ते आता आठवतही नाही, म्हणजे कारण काही मोठं नसणार. ती मला कधीच काही बोलली नाही आणि आता माफी मागायला ती नाही. म्हणून सांगते काकू, तुमची सून अजून तिथे ओट्यापाशी आहे, तुमच्याएवढं नशीब सगळ्यांना मिळत नाही.

बोला तिच्याशी. सणासुदीला नको, मुलगा, नात, कुणी समोर नको, दुपारी दोघीच असाल तेव्हा. "तुझ्या आईला भेटायला मी तुला जाऊ दिलं नाही, माझं चुकलं," एवढंच. त्याला "पण" जोडू नका, तेव्हा पद्धतच तशी होती, माझ्या सासूने मलाही असंच केलं, हे खरं असलं तरी त्या दिवशी नको, कारण मग तिलाच तुमची समजूत काढत बसावं लागेल. ती कदाचित "जाऊ द्या हो आई" म्हणेल आणि गॅसवरचं बघायला वळेल, किंवा रडेल, किंवा इतक्या वर्षांचं सगळं बाहेर काढेल. जे येईल ते ऐकून घ्या. माफ केलं का, असं विचारू नका. जमलं तर तिच्या आईबद्दल विचारा, काय छान करायच्या, कशा बोलायच्या, इतक्या वर्षांत तुमच्या घरात त्या बाईचं नाव तरी किती वेळा निघालं असेल?

कूलरचं म्हणाल तर उत्तमच, पोरं पाणी पितील. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिकला धर्मशाळा बांधल्या, दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही टाटा हॉस्पिटलचे कॅन्सरचे पेशंट उतरतात, आणि बाबा स्वतः कुणाला पायाही पडू द्यायचे नाहीत. नावापेक्षा सोय मोठी, एवढं मुलाला सांगा.

आता नेत्रदान. यात अभद्र काहीच नाही. चष्मा असो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो, शुगर किंवा बीपी असो, बहुतेक वेळा चालतं. पण मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, आणि तुम्ही फॉर्म भरलेला असला तरी त्या वेळी घरच्यांनी हो म्हणावं लागतं, फोनही त्यांनीच करावा लागतो. टीम येईपर्यंत पंखा बंद, डोळे मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी. आता विचार करा, त्या वेळी घरात कोण असेल? मुलगा बहुधा कामावर असेल. म्हणजे हे सगळं सुनेलाच माहीत हवं. आधी दिवाळीचं बोला, मग चार दिवस जाऊ द्या, आणि मग जवळच्या नेत्रपेढीचा नंबर एका कागदावर लिहून तिच्याकडे द्या आणि विचारा, करशील का एवढं माझ्यासाठी.