व्होल्टेज कुठून कुठपर्यंत? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

पावसाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत विजेचे प्रश्न वाढतात. या वेळच्या गठ्ठ्यातली पाच पत्रं घेतली आहेत. पहिलं पत्र तातडीचं आहे, म्हणून त्याला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न : गेल्या महिन्यात आमच्या चाळीत संध्याकाळी दिवे एकदम मंद झाले, पंखा जेमतेम फिरू लागला. त्याच वेळी समोरच्या खोलीतला टीव्ही आणि दोन बल्ब जळाले. वायरमन म्हणाला, ‘न्यूट्रल गेला होता.’ न्यूट्रलवर तर शून्य व्होल्ट असतात. शून्य गेल्याने टीव्ही कसा जळेल? (लालबाग)

‘न्यूट्रलवर शून्य व्होल्ट’ या वाक्यातच घोटाळा आहे. व्होल्टेज एका तारेवर नसतं, ते दोन बिंदूंच्या मध्ये असतं. न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, जमिनीच्या तुलनेत शून्याजवळ राहतो, कारण सबस्टेशनात तो जमिनीत गाडलेला असतो. तुमच्या चाळीपर्यंत येणारी ती तार वाटेत तुटली की तुमच्या बाजूच्या तुकड्याला शून्यावर धरून ठेवणारं कुणीच उरत नाही.

चाळीत तीन फेज, म्हणजे विजेच्या तीन चालू तारा, येतात आणि खोल्या त्यांच्यावर वाटलेल्या असतात. प्रत्येक फेज ते न्यूट्रल २३० व्होल्ट, पण फेज ते फेज सुमारे ४०० व्होल्ट. हिशेब सोपा राहावा म्हणून दोनच खोल्या धरू. तुमच्याकडे १००० वॅटची इस्त्री चालू आहे, समोर दुसऱ्या फेजवर १०० वॅटचा बल्ब. वॅटवरून रोध काढला तर इस्त्रीचा येतो ५३ ओहम, बल्बचा ५२९ ओहम. न्यूट्रल शाबूत असताना दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. तो तुटला की इस्त्री आणि बल्ब एकापाठोपाठ एक, म्हणजे सिरीजमध्ये, ४०० व्होल्टवर जोडले जातात. एकूण रोध ५८२ ओहम, करंट ०.६९ अँपिअर. इस्त्रीच्या वाट्याला येतात ३६ व्होल्ट आणि बल्बच्या वाट्याला ३६४.

म्हणजे ज्याच्याकडे लोड जास्त, त्याचे दिवे मंद होतात आणि ज्याच्याकडे एखादा टीव्ही नि दोन दिवेच चालू आहेत, त्याच्या वस्तू जळतात. तुम्ही नेमकं हेच पाहिलंत.

तुम्ही विचारलं नाही, तरी विचारायला हवा असा प्रश्न : फ्यूज का उडाला नाही? फ्यूज आणि एमसीबी (करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच) करंट बघतात, व्होल्टेज नाही. एरवी एकटी इस्त्री ४.३ अँपिअर घेते, इथे तर ०.६९ अँपिअरच वाहत होता. त्यांच्या दृष्टीने सगळं ठीक होतं. आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती पकडणारा स्विच, तोही गप्प बसतो, कारण जेवढा करंट गेला तेवढाच परत येतोय.

जुन्या चाळींच्या मीटरखोल्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. न्यूट्रलच्या पट्टीवरचा एक स्क्रू ढिला असतो, त्याच्याखालच्या तांब्यावर हिरवट थर चढलेला असतो, आणि तारेचं काळं आवरण बोटभर लांबीत तपकिरी होऊन कडक झालेलं असतं. अॅल्युमिनियमची केबल आणि तांब्याची तार थेट पिळून जोडली असेल, तर मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत तो जोड हमखास खराब होतो. जोड ढिला झाला की तापतो आणि तापला की आणखी ढिला होतो. काही ठिकाणी न्यूट्रलवरही जुना कटआउट फ्यूज बसवलेला सापडतो. तो आजच्या आज काढून घ्या. न्यूट्रलमध्ये फ्यूज असताच कामा नये. पावसाळ्याआधी चाळ समितीने लायसन्सधारक माणसाकडून न्यूट्रलचे सगळे जोड घट्ट करून घ्यावेत आणि खोलीत जास्त व्होल्टेज आल्यावर पुरवठा तोडणारं यंत्र बसवावं. पुन्हा कधी दिवे अचानक मंद किंवा फार प्रखर झाले, तर वाट न बघता मेन स्विच बंद करा.

प्रश्न : सर, एका नोडला १२ व्होल्टची बॅटरी २ ओहममधून आणि ६ व्होल्टची बॅटरी ३ ओहममधून जोडली आहे. नोड ते ग्राउंड ६ ओहम. ६ व्होल्टच्या बॅटरीचा करंट उणे येतोय. तीनदा सोडवलं. माझं काय चुकतंय? (भांडुप, डिप्लोमा दुसरं वर्ष)

काहीही चुकलेलं नाही. तिसऱ्यांदा सोडवण्यात वेळ घालवलास एवढंच. नोडवरचं, म्हणजे तारा जिथे मिळतात त्या बिंदूवरचं, व्होल्टेज ‘व’ मान. दोन्ही बॅटऱ्यांकडून आत येणारे करंट म्हणजे (१२ − व)/२ आणि (६ − व)/३. बाहेर जाणारा व/६. आत आलेलं आणि बाहेर गेलेलं समान, हाच किरचॉफचा करंटचा नियम. सगळ्याला ६ ने गुणलंस की ४८ = ६व, म्हणजे व = ८ व्होल्ट. मोठ्या बॅटरीतून २ अँपिअर येतात, ६ ओहममधून १.३३ जातात आणि छोट्या बॅटरीचे येतात उणे ०.६७.

आता आकडे बाजूला ठेव आणि आकृती बघ. नोडवर ८ व्होल्ट आहेत, बॅटरीचे ६. पाणी उंचावरून खाली जातं तसा करंट नोडकडून बॅटरीत शिरणार. ती बॅटरी चार्ज होतेय! तू सुरुवातीला बाण बॅटरीतून बाहेर काढलास, तो तुझा अंदाज होता. उणे चिन्ह एवढंच सांगतं की खरा करंट बाणाच्या उलट दिशेने आहे. बाण खोडू नकोस, चिन्ह बदलू नकोस. उत्तर लिहून शेजारी ‘बॅटरी चार्ज होत आहे’ असं लिही. माझ्या वर्गात निम्मी मुलं इथे घाबरून चिन्ह बदलायची आणि पुढचं सगळं गणित बिघडवायची.

किरचॉफने १८४५ साली हे नियम मांडले तेव्हा तो स्वतः विद्यार्थीच होता, वय २१. घरी करून बघ : ६ व्होल्टच्या जागी ९ व्होल्टची बॅटरी घाल. तिचा करंट किती येतो आणि का, ते मला लिहून पाठव.

प्रश्न : पंख्याचा स्विच बंद आहे, तरी छताच्या तारांवर डिजिटल मल्टिमीटर ७० व्होल्ट दाखवतो. बेडरूममधला एलईडी दिवाही बंद केल्यावर रात्री अंधुक दिसतो. वायरिंग लीक आहे का? (गिरगाव)

बहुतेक नाही. स्विचची तार आणि चालू फेजची तार एकाच पाइपातून मीटरभर शेजारी शेजारी जातात. दोन तारा आणि मध्ये प्लास्टिक, म्हणजे छोटासा कपॅसिटर झाला. त्यातून अगदी नगण्य करंट पलीकडे जातो. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम असतो, म्हणून तेवढ्याशा करंटवरही तो ७० व्होल्ट दाखवतो. त्याच दोन टोकांना पिवळा बल्ब जोडला की आकडा शून्यावर कोसळतो. एलईडी दिव्याला मिणमिणायला तेवढा करंट पुरतो. स्विचमध्ये लाल इंडिकेटर असेल तर आणखीच.

पण एक गोष्ट नक्की तपासून घ्या. स्विच फेजवर आहे की न्यूट्रलवर? जुन्या घरांत तो चुकून न्यूट्रलवर बसवलेला असतो. मग स्विच बंद केल्यावर पंखा थांबतो, पण त्याच्या तारेवर जमिनीच्या तुलनेत पूर्ण २३० व्होल्ट असतात. जाळी पुसायला स्टुलावर चढलेल्या माणसाला हे माहीत नसतं. वायरमनला बोलवा, आणि तोवर मेन बंद केल्याशिवाय पंख्याला हात लावू नका.

प्रश्न : वर्कशॉपमध्ये जुन्या ४० वॅटच्या ट्यूबवर १०५ व्होल्ट आणि चोकवर १९५ व्होल्ट मोजले. बेरीज ३००, पुरवठा २३०. किरचॉफचा नियम एसीला लागू नाही का? (मुलुंड, आयटीआय)

लागू आहे, प्रत्येक क्षणाला : वाटेतल्या व्होल्टेजची बेरीज पुरवठ्याइतकीच भरते. मीटर मात्र क्षणाचं व्होल्टेज दाखवत नाही, सरासरी स्वरूपातला एकच आकडा दाखवतो. ट्यूबवरचा दाब, म्हणजे व्होल्टेज, करंटच्या बरोबरीने चढतो-उतरतो. चोक म्हणजे लोखंडावर गुंडाळलेली तांब्याची तार, त्याच्यावरचा दाब जवळजवळ पाव फेरा आधी चढतो. दोघे एकाच वेळी शिखरावर नसतात, म्हणून शिखरांची बेरीज करून चालत नाही. काटकोन त्रिकोण काढा : १०५ चा वर्ग अधिक १९५ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ २२१. उरलेली तफावत चोक शुद्ध नसल्यामुळे आहे. त्याच्या तांब्यात आणि लोखंडात थोडी शक्ती वाया जाते, म्हणून कोन नव्वदपेक्षा किंचित कमी भरतो. चोकला हात लावला की लागतो तो कोमटपणा याच तफावतीचा. मोजमाप छान घेतलंय.

प्रश्न : लोकलच्या ओव्हरहेड वायरवर कावळा बसतो, त्याला काही कसं होत नाही? (कुर्ला, इयत्ता नववी)

कारण त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. बोटभर तांब्याचा रोध इतका कमी असतो की १०० अँपिअर वाहत असले तरी त्याच्या दोन पायांमध्ये मिलिव्होल्टच्या आसपासच दाब येतो. तार जमिनीच्या तुलनेत २५,००० व्होल्टवर आहे, पण कावळा जमिनीला शिवलेला नाही.

तुझ्या कुर्ल्याचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही पहिली विजेची गाडी धावली, तेव्हा तारेवर १५०० व्होल्ट डीसी होते. ३० लाख वॅट पोचवायला त्या दाबावर २००० अँपिअर लागतात, २५,००० व्होल्टवर फक्त १२०. म्हणून दाब वाढवला.

माणूस मात्र डब्यावर चढला तर पायाखालचा डबा चाकांतून रुळांशी, म्हणजे जमिनीशी जोडलेला असतो, आणि २५,००० व्होल्टला तारेला शिवण्याचीही गरज पडत नाही, हवेतूनच ठिणगी उडते. फलाटावरून वर धरलेली लांब सळई किंवा ओला मांजाही असाच धोक्याचा. मित्रांनाही सांग.