गाठ रात्री दुखते, थांबावं का?

प्रश्न : माझ्या १४ वर्षांच्या मुलाला न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १ (मज्जातंतूंवर गाठी येण्याचा जनुकीय आजार) आहे. मांडीत लहानपणापासून मऊ गाठ आहे, 'प्लेक्सिफॉर्म न्यूरोफायब्रोमा'. महिनाभर ती रात्री दुखते. वाढीच्या वयातलं दुखणं समजावं का? — एक पालक, सातारा

उत्तर : नाही. याच आठवड्यात दाखवा.

मज्जातंतूंच्या जाळ्यात पसरलेल्या या प्लेक्सिफॉर्म गाठी बहुधा जन्मतःच असतात आणि बालपणी वाढतात, म्हणून नुसत्या वाढीवरून घाबरण्याचं कारण नसतं. पण त्यांतूनच नसेच्या, म्हणजे मज्जातंतूच्या, आवरणाचा कर्करोग, म्हणजे एमपीएनएसटी, उद्भवू शकतो. न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १ असलेल्या सुमारे ८ ते १३ टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी तो होतो, किशोरवयातही. झोप मोडणारी वेदना, अचानक भराभर वाढ, मऊ गाठीत टणक भाग लागणं, पायात नवा बधिरपणा किंवा अशक्तपणा, यांतलं एक लक्षण दिसलं तरी तपासणी हवी.

आधी एमआरआय, जुन्या एमआरआयच्या सीडी सोबत न्या, तुलनेतूनच बरंच कळतं. मग एफडीजी पेट स्कॅन, म्हणजे साखरेसारखं किरणोत्सारी द्रव्य टोचून गाठीचा कोणता भाग जास्त सक्रिय आहे ते दाखवणारी तपासणी. साधी गाठही पेटमध्ये उजळू शकते, त्यामुळे तो अंतिम निकाल नव्हे. बायोप्सीची (तुकडा काढून तपासण्याची) सुई कुठे घालायची ते त्यावरून ठरतं. कर्करोग गाठीच्या एकाच कोपऱ्यात असू शकतो. सुई भलत्या जागी गेली तर रिपोर्ट 'साधी गाठ' येतो आणि मौल्यवान महिने जातात. बायोप्सी कुठून करायची हे पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या सार्कोमा (स्नायू, नसा, हाडं अशा ऊतींचा कर्करोग) सर्जननेच ठरवावं. 'छोटीशी गाठ आहे, काढून टाकू' या सल्ल्याला कृपया होकार देऊ नका. ती नसेत विणलेली असते, रक्तस्राव खूप होतो, आणि कर्करोग निघाला तर अर्धवट कापलेल्या जागी पूर्ण शस्त्रक्रिया अवघड होते. मालिशही नको.

प्रश्न : सेल्युमेटिनिब या औषधाने हा कर्करोग टळेल का?

उत्तर : ते औषध कर्करोगावरचं नाही. काढता न येणाऱ्या, त्रासदायक प्लेक्सिफॉर्म गाठींसाठी अमेरिकेत २०२० मध्ये २ वर्षांपुढील मुलांकरिता त्याला मान्यता मिळाली. चाचणीत सुमारे दोन-तृतीयांश मुलांच्या गाठी २० टक्के किंवा अधिक आकसल्या. डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावरून ठरतो, दर चौरस मीटरला २५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. हृदयाचा एको, डोळ्यांची तपासणी आणि रक्तातलं सीपीके (स्नायूंना इजा झाल्यास वाढणारं एन्झाइम) आधी आणि उपचार चालू असतानाही बघावं लागतं. पुरळ, जुलाब आणि नखाभोवतीची सूज नेहमीचीच. तुमच्या मुलाच्या बाबतीत मात्र दुखण्याचं कारण कळल्याशिवाय ते सुरू करू नये.