वाचक विचारतात: आधी कोण उडालं, आणि परत कसं आलं?

या महिन्यात आलेली जवळजवळ सगळी पत्रं उड्डाणाबद्दलची आहेत, राईट बंधूंपासून थेट चंद्रापर्यंत. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देण्याएवढी जागा नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. हा माझा लहानपणापासूनचा जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे एक-दोन उत्तरं लांबलीयेत.

प्रश्न: राईट बंधूंचं पहिलं उड्डाण म्हणे फक्त १२ सेकंदांचं होतं. एवढ्याशा उडीला उड्डाण कसं म्हणायचं? आणि ब्राझीलचे लोक तर सांतोस-द्युमाँ पहिला असं ठासून सांगतात. खरं काय?

दोन्हीत तथ्य आहे, पण मी राईटांच्या बाजूचा आहे आणि का ते सांगतो.

१७ डिसेंबर १९०३, अमेरिकेत किटी हॉकजवळची वाळू, कडाक्याची थंडी आणि समोरून सणसणीत वारा. ऑर्व्हिल विमानाच्या खालच्या पंखावर पालथा झोपलेला. १२ सेकंद, ३७ मीटर. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच दिवशी दोघांनी आलटून पालटून चार उड्डाणं केली आणि चौथ्या वेळी विल्बर ५९ सेकंद हवेत होता, २६० मीटर गेला. त्यानंतर विमान जमिनीवर उभं असताना वाऱ्याच्या झोताने उलटंपालटं झालं, मोडलं, आणि पुन्हा कधीच उडालं नाही.

सांतोस-द्युमाँ हा ब्राझीलचा वैमानिक, त्याने नोव्हेंबर १९०६ मध्ये पॅरिसला गर्दीसमोर २२० मीटर उडून दाखवलं, तेही चाकांवर धावत जाऊन. राईटांचं विमान रुळावरून सुटायचं आणि पुढे पुढे तर वजन खाली पाडून त्याला धक्का द्यायचे, म्हणून ब्राझीलवाले म्हणतात की हे काय खरं उड्डाण नाही. पण सांतोस-द्युमाँच्या वर्षभर आधी, ऑक्टोबर १९०५ मध्ये, विल्बरने अमेरिकेत डेटन या आपल्या गावाजवळच्या एका कुरणावर गोल गोल फेऱ्या मारत ३९ मिनिटं विमान हवेत ठेवलं होतं, ३९ किलोमीटरच्या आसपास अंतर! मग जगाला कळलं का नाही, तर पेटंट आणि विक्रीचा करार हातात येईपर्यंत दोघांनी मशीन लोकांपासून लांब ठेवलं. युरोपात त्यांना सरळ थापाडे म्हणायचे. ऑगस्ट १९०८ मध्ये विल्बर फ्रान्सला ल मॉंजवळ गेला, लोकांसमोर आरामात वळणं घेत उडाला, आणि वाद तिथल्या तिथे मिटला.

आता मुख्य मुद्दा. त्या काळात बाकीच्यांचा भर ताकदवान इंजिन बनवण्यावर किंवा आपोआप स्थिर राहील असं, होडीसारखं, विमान बनवण्यावर होता. हे दोघे सायकलवाले. सायकल सोडून दिली की पडते, पण चालवणारा ती सावरतो आणि वळताना अंग एका बाजूला झुकवतो, हे त्यांच्या रोजच्या धंद्यातलं. त्यामुळे विमान आपोआप स्थिर नसलं तरी चालेल, चालवणाऱ्याच्या हातात ते सावरायचं साधन पाहिजे, असा त्यांनी विचार केला. त्यातून पंखांची टोकं पिळायची युक्ती निघाली, ती पण म्हणे सायकलच्या ट्यूबचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका हातात पिळता पिळता सुचली. मग १९०१ मध्ये आपल्या सायकलच्या दुकानातच वाऱ्याचा बोगदा, म्हणजे आतून वारा सोडायची लांब पेटी, बनवून छोट्या छोट्या पंखांचे २०० च्या आसपास नमुने तपासले. इंजिन तर फक्त १२ हॉर्सपॉवरचं होतं, तेही दुकानातल्या चार्ली टेलर नावाच्या मेकॅनिकने बनवलेलं.

त्यांच्या आधी जर्मनीत ओटो लिलिएनथालने ग्लायडरवरून, म्हणजे बिनइंजिनाच्या पंखांवरून, २००० च्या आसपास उड्या घेतल्या होत्या, पण तो ग्लायडर सावरायचा तो नुसतं अंग हलवून, पाय इकडे तिकडे फेकून. ऑगस्ट १८९६ मध्ये एका झोताने ग्लायडर नाक वर करून थांबला, तो खाली आदळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. राईटांनी ती बातमी वाचली आणि तिथून त्यांचा अभ्यास पेटला. म्हणून मला १२ सेकंदांचा आकडा महत्त्वाचाच वाटत नाही, हातात आलेला ताबा महत्त्वाचा वाटतो, आणि पुढच्या उत्तरांमध्येही तुम्हाला हेच दिसेल.

प्रश्न: चार्ल्स लिंडबर्गच्या विमानाला पुढे काचच नव्हती हे खरं आहे का? मग दिसायचं कसं? आणि तो ३३ तास जागा कसा राहिला?

खरं आहे. पुढे बघायला काच नव्हती कारण तिथे पेट्रोलची मोठी टाकी होती. टाकी पायलटच्या मागे ठेवता आली असती, पण विमान आपटलं तर इंजिन आणि टाकी यांच्यामध्ये आपण चिरडले जाऊ म्हणून त्याने स्वतःच मागे बसायचं ठरवलं. पुढचं बघायला एक छोटा पेरिस्कोप, म्हणजे आरसे लावलेली नळी, नाहीतर विमान जरा तिरकं करून बाजूच्या खिडकीतून बघायचं. वजन वाचवायला रेडिओ नाही, पॅराशूट नाही, बसायला वेताची खुर्ची.

२० मे १९२७ ला सकाळी तो एकटाच न्यूयॉर्कहून अटलांटिकपार निघाला, २१ ला रात्री पॅरिसला उतरला, आणि निघायच्या आदल्या रात्री तो जवळजवळ झोपलेलाच नव्हता! अटलांटिकवर कधी लाटांच्या अगदी जवळ उतरायचा, कधी खिडकीतून थंड हवा तोंडावर घ्यायचा. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट ही वाटते की त्याचं विमान स्वभावानेच थोडं अस्थिर होतं, हात सैल पडला की लगेच भरकटायचं, आणि डुलकी लागली की तेच त्याला जागं करायचं.

एक दुरुस्ती, कारण तीन पत्रांमध्ये ही चूक आहे. अटलांटिक न थांबता विमानाने ओलांडणारा तो पहिला नव्हे. जून १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राऊन हे दोघे उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या न्यूफाउंडलंडहून आयर्लंडला पोचले होते, १६ तासांच्या आत, आणि हिरवं कुरण समजून दलदलीत उतरले होते. लिंडबर्ग एकट्याने जाणारा पहिला.

प्रश्न: ॲस्ट्रोनॉट आणि कॉस्मोनॉट यात फरक काय?

कामात काहीच नाही. अमेरिकेचा तो ॲस्ट्रोनॉट, रशियाचा तो कॉस्मोनॉट. ग्रीकमध्ये ॲस्ट्रॉन म्हणजे तारा, कॉसमॉस म्हणजे विश्व आणि नॉटेस म्हणजे खलाशी. आपल्याकडे अंतराळवीर रूढ आहे, मला स्वतःला अवकाशयात्री जास्त आवडतो, कारण यात्रेला गेलेला माणूस घरी परत येतो.

प्रश्न: गागारिन त्याच्या यानातून उतरलाच नव्हता, रशियाने खोटं सांगितलं, असं कुठेतरी वाचलं. मग तो पहिला अंतराळवीर कसा?

तो पहिलाच आहे, त्यात शंका नको. पण खोटं सांगितलं हेही खरं, आणि ते का सांगितलं ते समजून घेण्यासारखं आहे.

१२ एप्रिल १९६१, व्होस्तोक १, पृथ्वीभोवती एक फेरी, सगळा प्रवास १०८ मिनिटांचा. यान म्हणजे एक मोठा गोळा, त्याला पॅराशूट होतं, पण तेवढ्या पॅराशूटवर गोळा इतक्या जोरात जमिनीवर आपटायचा की आतल्या माणसाला इजा झाली असती. म्हणून आधीपासूनच असं ठरलेलं की ७ किलोमीटर उंचीवर झाकण उडेल, खुर्चीसकट माणूस बाहेर फेकला जाईल आणि स्वतःच्या पॅराशूटने वेगळा उतरेल. गागारिन तसाच उतरला. अडचण अशी की विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमात पायलट विमानासोबतच उतरला पाहिजे असं होतं, कारण विमान वाऱ्यावर सोडून उडी मारणाऱ्याला कोणी विक्रम देऊ नये. म्हणून रशियाने ती उडी बरीच वर्षं लपवली. पण अवकाशात जाऊन पृथ्वीला फेरी मारून जिवंत परत येणं यातलं काहीच त्यामुळे कमी होत नाही.

आता त्याच प्रवासातली एक गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. वजनरहित अवस्थेत माणसाचं डोकं ठिकाणावर राहील की नाही हेच तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. म्हणून यान आपोआप चालणार होतं आणि हाताने चालवायची यंत्रणा कुलूपबंद होती, ती उघडायचा आकडा एका बंद पाकिटात ठेवलेला. म्हणजे शुद्धीवर असलेला माणूस पाकीट फोडून वाचू शकेल, भ्रमिष्ट झालेला नाही, असा हिशोब! पण ऐनवेळी पाकीट फोडत बसायला वेळ मिळाला नाही तर? त्याच्या जवळच्या माणसांना हे पटलं नाही आणि निघण्याआधीच त्यांनी तो आकडा त्याला हळूच सांगून टाकला. १२५.

आकडा वापरायची वेळ आली नाही. पण परतताना यानाचा मागचा भाग पूर्ण सुटला नाही, वायरींच्या जुडग्याला लटकत राहिला, आणि सुमारे दहा मिनिटं दोन्ही भाग एकत्र गरगरत होते, मग वायरी तुटल्या आणि गोळा नीट झाला. खाली व्होल्गा नदीच्या भागात शेतावर एक बाई आणि तिची छोटी नात होती, नारिंगी कपडे आणि पांढरं हेल्मेट घातलेला माणूस आकाशातून आलेला बघून त्या घाबरल्या, आणि त्याने आधी त्यांना सांगितलं की मी तुमच्यातलाच आहे.

प्रश्न: मी आठवीत आहे. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवायला नील आर्मस्ट्राँगच का निवडला? तो सगळ्यात शूर होता का?

तुझा प्रश्न मला फार आवडला. खरं सांगायचं तर नंबर लागण्यात वेळापत्रकाचा भाग मोठा होता. अमेरिकेच्या चंद्रमोहिमांचं नाव अपोलो. त्यात अपोलो ८ ची राखीव तुकडी, ज्यात तो होता, पुढे चंद्रावर उतरलेल्या अपोलो ११ ला जायची अशी पाळी होती, आणि मधल्या एखाद्या मोहिमेत गडबड झाली असती तर दुसरं कोणीतरी पहिलं उतरलं असतं.

पण तो काय प्रकारचा माणूस होता हे बघायचं असेल तर मार्च १९६६ मधलं जेमिनी ८ हे दोघांचं यान बघ. अवकाशात एक थ्रस्टर, म्हणजे यान वळवायचं छोटं इंजिन, अडकला, बंदच होईना, आणि यान गरागरा फिरायला लागलं, जवळजवळ सेकंदाला एक फेरी. आणखी थोडा वेळ गेला असता तर तो आणि डेव्हिड स्कॉट दोघेही बेशुद्ध झाले असते. त्याने परतीसाठी राखून ठेवलेले वेगळे थ्रस्टर वापरले आणि यान थांबवलं. ते वापरले की मोहीम सोडून लगेच परत यायचं असा नियम होता, तर ते परत आले. मग मे १९६८ मध्ये चंद्रावर उतरायच्या सरावाचं यंत्र हवेतच ताब्याबाहेर गेलं, तेव्हा त्याने अगदी शेवटच्या क्षणी इजेक्शन सीटने उडी घेतली, आणि त्याच दिवशी ऑफिसला जाऊन कामाला बसला. २० जुलै १९६९ ला चंद्रावर उतरताना कॉम्प्युटर धोक्याचे इशारे देतोय, खाली मोठमोठे दगड दिसतायत, इंधन संपत आलंय, आणि हा माणूस यान हातात घेऊन दगडांच्या पलीकडे मोकळी जागा शोधतोय. शूर तर होताच ग, पण घाबरण्यात वाया घालवायला त्याच्याकडे वेळच नव्हता, आधी हातातलं मशीन सावरायचं, बाकी नंतर.

आणि हे वाचून तुला आनंद होईल: चंद्रावर जाताना त्याने १९०३ च्या त्या राईट विमानाच्या पंखाच्या कापडाचा आणि प्रोपेलरच्या लाकडाचा एक तुकडा सोबत नेला होता.

प्रश्न: पहिल्या वैमानिकांच्या यादीत बायका इतक्या कमी का? त्या उडतच नव्हत्या का?

उडत होत्या, पण एकतर बातमी झाली नाही, नाहीतर दारच उघडलं नाही.

हॅरिएट क्विम्बी १६ एप्रिल १९१२ ला इंग्लिश खाडी विमानाने पार करणारी पहिली स्त्री ठरली. आदल्या दिवशी टायटॅनिक बुडालं होतं. पेपरात तिला जागा कुठून मिळणार? बेसी कोलमनला कृष्णवर्णीय आणि त्यात बाई म्हणून अमेरिकेत कोणी शिकवायला तयार होईना, तर तिने फ्रेंच शिकून घेतलं, फ्रान्स गाठलं आणि १९२१ मध्ये लायसन्स घेऊनच परत आली.

अवकाशात गेलेली पहिली स्त्री, रशियाची व्हॅलेंटिना तेरेश्कोव्हा, आधी कापड गिरणीत काम करायची आणि हौसेने पॅराशूटच्या उड्या मारायची. गागारिनसारखंच यानातून उडी मारूनच उतरायचं होतं, म्हणून तिची ही हौस पायलटच्या लायसन्सपेक्षा जास्त कामाची ठरली. जून १९६३ मध्ये ती पृथ्वीभोवती ४८ फेऱ्या मारून आली, म्हणजे तोवरच्या सगळ्या अमेरिकन अंतराळवीरांच्या एकूण वेळेपेक्षा तिचा एकटीचा वेळ जास्त. शिवाय परतीच्या सेटिंगमध्ये चूक होती, यान खाली यायच्या ऐवजी वर गेलं असतं, हे तिने वर असताना ओळखलं, खाली कळवलं, आकडे बदलून घेतले, आणि मुख्य अभियंता करल्योव्ह यांनी कोणाला सांगू नकोस म्हटलं म्हणून कित्येक वर्षं गप्प राहिली. त्यानंतर दुसरी स्त्री अवकाशात गेली ती १९८२ मध्ये, स्वेतलाना सवित्स्काया. १९ वर्षांनी! मला याचा आजही राग येतो.

अमेरिकेत तर १३ महिला पायलटांनी १९६१ पर्यंत पुरुष अंतराळवीरांच्याच वैद्यकीय चाचण्या पास केल्या होत्या. पण नियम असा की उमेदवार जेटचा टेस्ट पायलट, म्हणजे नवी विमानं उडवून तपासणारा, पाहिजे, आणि लष्करात ते काम बायकांना द्यायचेच नाहीत. १९६२ मध्ये संसदेच्या समितीपुढे सुनावणी झाली, काही निघालं नाही. त्या तेरा जणींमध्ये वॉली फंक नावाची विशीतली मुलगी होती. ती नंतर आयुष्यभर विमानं उडवत राहिली, हजारो लोकांना शिकवलं, विमान अपघातांची तपासणी करायची सरकारी नोकरी केली, आणि नासाकडे पुन्हा पुन्हा अर्ज करत राहिली. २० जुलै २०२१ ला, चंद्रावर माणूस उतरल्याच्या तारखेलाच, ती एका खासगी यानातून १०० किलोमीटरच्या वर जाऊन आली. वय ८२. दार उघडल्यावर ती हात पसरून बाहेर आली.