आईचा आकडा 412, वडिलांचा 68: काळजी कोणाची करायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तपासणीच्या पॅकेजमध्ये आईचा (वय 76, किडकिडीत, साखर नॉर्मल) एनटी-प्रोबीएनपी (हृदयावर ताण आला की वाढणाऱ्या हार्मोनची रक्ततपासणी) 412 आला, वडिलांचा (वय 79, पोट सुटलेलं, जुना डायबिटीस) 68. रिपोर्टवर ‘125 पर्यंत नॉर्मल’ असं छापलंय, म्हणून घरात आईची धास्ती घेतली गेली आणि बाबा निवांत. त्यात तुम्ही वाचलंत की हृदयातलं हे हार्मोन जास्त असणाऱ्या वयस्कर लोकांचं चयापचय उलट चांगलं असतं. मग खरं काय?

मी डॉक्टर नाही. एका रुग्णालयाच्या बायोकेमिस्ट्री लॅबमध्ये 31 वर्षं काढली आहेत, त्या जोरावर सांगतो. मला बाबांचा 68 जास्त खटकतोय.

आधी आईचं उरकतो. 125 ही सरसकट रेघ नाही. बऱ्याच ठिकाणी 75 वर्षांखाली 125 आणि त्यापुढे 450 अशी मर्यादा धरतात. वयाबरोबर हृदयाचे स्नायू थोडे ताठर होतात, किडनी हळू चालते, म्हणून आकडा चढतो. बायकांमध्ये तो पुरुषांपेक्षा जास्त असतो, बारीक माणसांत आणखी जास्त. आईच्या बाबतीत या सगळ्याची बेरीज झाली आहे. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघा, नाडी अनियमित लागते का ते बघा (तसं असेल तर ईसीजी लगेच), आणि दम लागत नसेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा. आज रात्रीची झोप घालवू नका.

आता बाबा. त्यासाठी हे हार्मोन करतं काय ते कळायला हवं. 1981 मध्ये कॅनडातल्या किंग्स्टनला आदोल्फो दे बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला आणि त्यांच्या लघवीतून मीठ नि पाणी भराभर बाहेर पडू लागलं. हृदय नुसता पंप नाही, ते हार्मोनही सोडतं, हे तेव्हा पक्कं झालं. 1988 मध्ये जपानी संशोधकांना त्याचं भावंड, बीएनपी, डुकराच्या मेंदूत सापडलं, म्हणून नावात ‘बी’ म्हणजे ब्रेन. नंतर कळलं की ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांत बनतं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. हृदयावर ताण आला की ते सुटतं, मीठ बाहेर काढतं, रक्तवाहिन्या सैल करतं. आपण मोजतो तो एनटी-प्रोबीएनपी म्हणजे हे हार्मोन तयार होताना तुटून पडणारा तुकडा. तो स्वतः काही काम करत नाही, पण रक्तात जास्त वेळ टिकतो, म्हणून मोजायला सोयीचा.

चयापचयाचा संबंध पुढे लक्षात आला. 2000 साली फ्रान्समधल्या तुलूझच्या संशोधकांनी दाखवलं की हे हार्मोन माणसाच्या चरबीच्या पेशींतली चरबी विरघळवतं. गंमत म्हणजे उंदरांच्या पेशींत तसं होत नाही. एरवी उलटं असतं, सगळी औषधं उंदरांनाच लागू पडतात! म्हणजे हृदय चरबीला ‘साठा मोकळा कर’ असं सांगतं. पण चरबीच्या पेशींवर हे हार्मोन गिळून टाकणारे रिसेप्टरही (हार्मोन पकडणाऱ्या जागा) असतात, आणि रक्तात इन्सुलिन चढं असलं की ते वाढतात.

ही ‘चरबी हार्मोन खाते’ गोष्ट सगळीकडे वाचायला मिळते, पण ती अर्धीच आहे. आपण मोजतो तो तुकडा या रिसेप्टरला चिकटतच नाही, तरी लठ्ठ माणसांत तोही कमीच येतो. म्हणजे हृदयातून मुळात निघतंच कमी. दोन्ही बाजूंनी टंचाई: मीठ साचतं, बीपी चढतं, चरबी जागची हलत नाही. अमेरिकेतल्या डॅलसमधल्या पाहणीत पोटाच्या आतली चरबी जास्त त्यांच्यात हार्मोन कमी, तर नितंब-मांड्यांवर चरबी असणाऱ्यांत जास्त दिसलं. म्हणून ‘बाबांचं वजन तसं फार नाही’ असं म्हणू नका. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या डायबिटीसच्या संशोधकांचा 2004 चा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो प्रसिद्ध आहे. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.3, पण चरबी एकाची 21.2 टक्के आणि दुसऱ्याची 9.1. जास्तीची आपल्या याज्ञिकांची, हे सांगायला नको. वजनकाटा ठेवा बाजूला, कंबरेला टेप लावा.

तर 68 चा अर्थ ‘हृदय ठणठणीत’ असा घेता येत नाही. पोट असलेल्या माणसात हा आकडा मुळातच दबलेला असतो. माझा मावसभाऊ, 96 किलो, जिना चढताना धापा टाकायचा. आकडा 110 आला. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं काही नाही, वजन कमी करा. आठ महिन्यांनी पाय सुजले तेव्हा एको (हृदयाची सोनोग्राफी) झाली. पंपिंग उत्तम, पण हृदय ताठर. तेव्हा बाबांना विचारा: झोपताना उशा वाढल्यात का, संध्याकाळी मोज्याची खूण खोल उठते का, जिन्यात मध्येच थांबावं लागतं का. एकाचंही उत्तर हो असेल तर टूडी एको करून घ्या. एक लॅबवाली शंकाही: पायाला मुंग्या येतात म्हणून ते व्हिटॅमिनच्या गोळ्या घेतात का? जास्त डोसचं बायोटिन काही मशीनवर हा आकडा खोटा कमी दाखवतं.

राहिलं तुमचं वाचन. इंग्लंडमधल्या 2011 च्या एका अभ्यासात जन्मतःच हे हार्मोन थोडं जास्त बनवणाऱ्या जनुकाच्या लोकांना टाइप 2 डायबिटीस कमी होताना दिसला, त्यामुळे संबंध नुसता योगायोग वाटत नाही. पण म्हातारपणी गुंता होतो. आजारपणाने खंगलेल्या माणसाचीही साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) छान येतात आणि हार्मोनही चढं असतं. ते चांगलं चयापचय नव्हे. म्हणून आईला विचारायचाच तर एक प्रश्न: गेल्या वर्षभरात ब्लाऊज सैल झालेत का?

आणि बाबांना चालायला लावून, भात आवरून पोट खरंच उतरलं, तर पुढच्या वर्षी त्यांचा आकडा 68 वरून 100 च्या आसपास गेलेला दिसेल कदाचित. दम नसेल, एको नीट असेल, तर त्यावरून घरात पुन्हा गोंधळ घालू नका.